सोप्या इंग्रजीत ऑस्ट्रेलिया: मोठ्या माणसांना वाचायला काय द्यावं?

कृष्णाकाठ, मेलबर्न

आईसाठी पुस्तकं सुचवा, एवढीच विनंती आहे. पण थोडं सविस्तर लिहिते, कारण "सोप्या इंग्रजीतली पुस्तकं" म्हटलं की लोक लगेच लहान मुलांची पुस्तकं सुचवतात आणि नेमकं तेच नकोय.

आई ६२ वर्षांची. शाळा तासगाव तालुक्यात, इंग्रजी पाचवीपासून, बी.ए.ला मराठी. पंचायत समितीत नोकरी करून निवृत्त झाली, त्यामुळे कागदाला घाबरणारी बाई नाही. दिवाळी अंक जाहिरातींसकट वाचते. इंग्रजी अर्ज, नोटीस, औषधाच्या डबीवरची सूचना हे सगळं जमतं. अडतं ते सलग मजकुरात. इथल्या पेपरातली बातमी घेतली की तिसऱ्या ओळीत एखादं वाक्य असं लांबत जातं की कर्ता कुठे राहिला आणि क्रियापद कुठे गेलं, पत्ता लागत नाही. मग पेपरची घडी होते.

कायमच्या व्हिसावर आली आहे, त्यामुळे सरकारच्या मोफत इंग्रजी वर्गाला जाते. वर्गात व्हिएतनामी, अफगाण, इथिओपियन बायका आहेत. बाईंनी सांगितलंय, घरी रोज थोडं वाचा. मी आधी लेकाच्या कपाटातली चित्रांची पुस्तकं दिली. तिने दोन चाळली आणि म्हणाली, "कांगारू उड्या मारतो हे मला सांगलीतसुद्धा माहीत होतं."

मग लायब्ररीत इंग्रजी शिकणाऱ्या प्रौढांसाठी वेगळं शेल्फ आहे हे कळलं. तिथून या देशावरचं एक बारीकसं पुस्तक आणलं. वाक्यं छोटी, अक्षर मोठं, प्रत्येक पानावर फोटो, मागे कठीण शब्दांची यादी. ते तिने खरंच वाचलं, अगदी डिक्शनरी न उघडता! मला वाटलं, काम झालं. पण वाचून झाल्यावर तिची तक्रार सुरू. समुद्रकिनारा, कोआला, ऑपेरा हाऊस, बार्बेक्यू, क्रिकेट. तिला पडलेले प्रश्न वेगळेच: सिडनी आणि मेलबर्न एवढी मोठी शहरं असताना राजधानी त्या कॅनबेराला का? गोरे यायच्या आधी इथे कोण राहायचं आणि ते आता कुठे आहेत? वर्गातली ती व्हिएतनामी बाई चाळीस वर्षांपूर्वी बोटीने आली म्हणते, ती कशी? यातलं पुस्तकात काहीच नाही. तिचं मत असं की हे पुस्तक पाहुण्यांसाठी लिहिलंय, राहायला आलेल्यांसाठी नाही.

मला ते पटलं. तर सोपी भाषा पण मोठ्या माणसाचा विषय, असं काही मिळतं का? कोणी आईवडिलांसाठी किंवा स्वतःसाठी असं वाचलंय का?

---

खडूफळा, अ‍ॅडलेड

चांगला धागा. मी अशा वर्गांत स्वयंसेवक म्हणून शिकवते, म्हणून जरा लांबलचक प्रतिसाद.

तुम्ही आणलंत त्या जातीच्या पुस्तकांना पायऱ्या असतात आणि पाठीवर तो आकडा लिहिलेला असतो. ऑक्सफर्डच्या एका जुन्या मालिकेच्या पायऱ्या अशा आहेत: पहिलीला ४०० शब्द, दुसरीला ७००, मग १,०००, १,४००, १,८०० आणि सहावीला २,५००. हा आकडा पुस्तकाच्या लांबीचा नाही. लेखकाला वापरायला जेवढे वेगवेगळे मूळ शब्द मिळतात, त्यांची ही मोजणी. गो, वेंट, गॉन हे सगळे मिळून एक. शब्दांबरोबर व्याकरणालाही कुंपण असतं. खालच्या पायरीवर कर्मणी प्रयोग टाळतात, "जर असं झालं असतं तर" छापाची वाक्यं वरच्या पायरीपर्यंत येत नाहीत.

आईंच्या वर्णनावरून १,००० ची पायरी सहज जमेल, १,४०० ला थोडा जोर लागेल. घरच्या घरी तपासायचं असेल तर पुस्तकाच्या मधलं कुठलंही पान उघडा आणि साधारण शंभर शब्द वाचायला सांगा. अनोळखी शब्द दोन निघाले तर पुस्तक घरी न्या. पाच-सहा निघाले तर ठेवून द्या, ते अभ्यासाचं पुस्तक होईल, वाचनाचं नाही. हा आकडा हवेतला नाही. पॉल नेशन या न्यूझीलंडच्या भाषातज्ज्ञाने सहकाऱ्याबरोबर केलेल्या अभ्यासात, मदतीशिवाय नीट समजायला शंभरातले अठ्ठ्याण्णव शब्द ओळखीचे लागतात, असं दिसलं होतं.

आता देशावरच्या पुस्तकांची खरी गोची. गोष्टीचं पुस्तक हजार शब्दांत बसतं. देशाचं पुस्तक म्हटलं की दुष्काळ आला, संसद आली, कैदी आले, मेंढ्यांची लोकर आली. यातला एकही शब्द पहिल्या हजारात नसतो. शिवाय वग्गा वग्गा आणि वुलुमुलू! नावं मोजणीत धरत नाहीत, पण वाचणाऱ्याचा दम त्यांत जातोच. चांगला लेखक काय करतो, तर असे दहा-पंधराच शब्द निवडतो, पहिल्यांदा येतील तिथे चित्राने किंवा पुढच्या वाक्याने अर्थ उघडतो आणि मग तोच शब्द पुस्तकभर पुन्हा पुन्हा वापरतो. वाईट लेखक तो विषयच टाळतो आणि कोआलाचा फोटो लावतो. तुमच्या आईंना दुसरा प्रकार मिळाला.

जाता जाता: शब्द मोजून वाचनाची पुस्तकं लिहायचा हा उद्योग ज्यांनी नीट उभा केला त्यांत मायकेल वेस्ट हा आघाडीवरचा माणूस, आणि त्याने तो केला कुठे, तर १९२० च्या दशकात ढाक्याला. बंगाली मुलं इंग्रजी शाळेत वर्षानुवर्षं जातात आणि तरी त्यांना एक पुस्तक आपलं आपण वाचता येत नाही, ही त्याची अडचण होती. इंग्रजीतले सगळ्यांत कामाचे साधारण दोन हजार शब्द, ही त्याची प्रसिद्ध यादी १९५३ मध्ये आली.

---

मुक्काम_पोस्ट_पर्थ

एवढं कशाला? यूट्यूब लावून द्या, खाली सबटायटल चालू करा. माझे बाबा मासेमारीचे व्हिडिओ बघून इंग्रजी शिकले. आता शेजाऱ्याशी गळाच्या आकारावरून वाद घालतात.

---

चष्माकुठेगेला, ठाणे

आमच्या वेळी तर्खडकरांची भाषांतर पाठमाला होती. त्या वाक्यांचा एकमेकांशी काही संबंध नसायचा. या ओळीत राजा शिकारीला जायचा, पुढच्या ओळीत माझ्या काकूचा छत्रीवाला आजारी पडायचा. पण व्याकरण पक्कं झालं, हे मान्य करावं लागेल.

---

कृष्णाकाठ, मेलबर्न

@मुक्काम_पोस्ट_पर्थ, ते चालूच आहे, तिला बागकामाचे कार्यक्रम आवडतात. पण ऐकलेलं निसटतं म्हणते. पुस्तकात बोट ठेवून थांबता येतं, मागे जाता येतं. व्हिडिओ थांबवायला चष्मा काढा, रिमोट शोधा, तोवर माणूस पुढे गेलेला.

@खडूफळा, शंभर शब्दांची चाचणी आजच करून बघते. वुलुमुलू वाचून आई हसत सुटली आहे.

---

दीर्घवेलांटी, कोल्हापूर

परदेशाशी माझा संबंध नाही, पण या प्रश्नाशी आहे. १९९० च्या दशकात साक्षरता अभियानात नवसाक्षरांसाठी पुस्तिका लिहायच्या कार्यशाळांना मी जात असे. तेव्हा तीन भागांतल्या वाचनपुस्तिका असायच्या, आणि त्या संपल्या की पुढे वाचायला काय, हा प्रश्न यायचा. आम्ही उत्साही मंडळी सुरुवातीला ससा-कासव लिहून न्यायचो. एका गावात एका मावशींनी ते ऐकून घेतलं आणि विचारलं, "सातबारा कसा वाचायचा ते लिवलंय का कुनी?"

तिथून पुढे आमचं लिहिणं बदललं. सातबारा, रेशनकार्ड, सावकाराच्या व्याजाचा हिशेब, बाळंतपणातली काळजी. अक्षर मोठं, जोडाक्षरं कमी, एका वाक्यात एकच गोष्ट. पण विषय पूर्ण वाढलेल्या माणसाचा. आणि छापण्याआधी मजकूर गावात वाचून घ्यायचा, हा दंडक होता. जिथे वाचणारी बाई अडखळे, तिथे पेन्सिलीने खूण. दुरुस्ती आमच्या वाक्यात करायची.

कृष्णाकाठ, तुमच्या आईंच्या आणि त्या मावशींच्या तक्रारीत मला काही फरक दिसत नाही. भाषा कमी येते म्हणून समोरच्याचं वय कमी धरायचं, ही लिहिणाऱ्यांची जुनी खोड आहे. प्रकाशक ऑक्सफर्डचा असो की आमच्यासारखा सरकारी कागदावर छापणारा.

---

बूमरँग, ब्रिस्बेन

दीर्घवेलांटी, क्या बात!

मी या देशाच्या इतिहासातली एक गोष्ट सुचवतो. अगदी सोप्या इंग्रजीत सांगता येते आणि इंग्रजी शिकणाऱ्या स्थलांतरिताच्या काळजाला हात घालते. तरी सोप्या पुस्तकांत ती मी फारशी पाहिलेली नाही.

१९०१ मध्ये ऑस्ट्रेलिया एक देश झाला, आणि त्याच वर्षी नव्या संसदेने बाहेरच्यांना रोखायचा कायदा केला. गोऱ्यांशिवाय कोणी यायला नको होतं. पण कायद्यात तसं उघड लिहायची सोय नव्हती, कारण लंडनला ते नको होतं. हिंदुस्थानी लोकही त्याच साम्राज्याचे प्रजाजन, आणि जपानशी ब्रिटनला गोडी ठेवायची होती. मग पळवाट काढली श्रुतलेखनाची. बंदरावर अधिकारी ५० शब्दांचा उतारा वाचणार, उतरणाऱ्याने तो लिहायचा. कुठल्या भाषेत? अधिकारी ठरवेल त्या युरोपीय भाषेत. तुम्हाला उत्तम इंग्रजी येतं? छान, मग तुमची परीक्षा स्वीडिशमध्ये. १९०५ मध्ये "युरोपीय" हा शब्दसुद्धा काढून "ठरवून दिलेली भाषा" असं केलं, पण तशा भाषा कधी ठरवून दिल्याच नाहीत, म्हणून व्यवहारात अट युरोपीय भाषेचीच राहिली. १९०९ नंतर ही परीक्षा एकही माणूस पास झाला नाही. व्हायचीच नव्हती.

ही युक्ती आली कुठून, तर दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळहून. तिथे हिंदुस्थानी लोकांना अडवायला १८९७ मध्ये भाषेची अट घातलेला कायदा केला होता. गांधीजी तेव्हा तिथेच होते आणि त्यांनी त्याला विरोध केला होता.

आता मजेदार भाग. १९३४ मध्ये एगॉन किश नावाचा प्रागचा पत्रकार युद्धविरोधी सभेसाठी इकडे आला. सरकारला तो नको होता. त्याला बोटीवरून उतरू देईनात, तर मेलबर्नला त्याने बोटीवरून धक्क्यावर उडी मारली आणि पाय मोडून घेतला. पुढे सिडनीला त्याची श्रुतलेखनाची परीक्षा घेतली. या माणसाला बऱ्याच भाषा येत होत्या, म्हणून शोधून शोधून स्कॉटलंडची गेलिक काढली. प्रकरण हायकोर्टात गेलं आणि कोर्ट म्हणालं की या कायद्याच्या अर्थाने गेलिक ही युरोपीय भाषा होत नाही! स्कॉटिश मंडळी काय चिडली असतील. दोन वर्षांनी मेबल फ्रीर नावाच्या, लाहोरात जन्मलेल्या गोऱ्या बाईला इटालियनमध्ये नापास केलं. एका विवाहित लष्करी अधिकाऱ्याबरोबर ती आली होती, हा तिचा खरा गुन्हा. परीक्षा रंगावरून सुरू झाली आणि नको असलेल्या कोणालाही लावता येते हे कळल्यावर अशी पसरली.

१९५८ च्या कायद्याने हे श्रुतलेखन गेलं. आणि गंमत अशी की, ते रद्द व्हायच्या दहा वर्षं आधी, १९४८ पासून, हेच सरकार नव्या स्थलांतरितांना फुकट इंग्रजी शिकवायला लागलं होतं. युद्धानंतर माणसं हवी होती ना, अर्थात तेव्हा युरोपातली. ऑल्बरीजवळच्या बोनेगिला छावणीत पोलंड, बाल्टिक देश, पुढे इटली, ग्रीस, जर्मनी इथले लोक उतरायचे. १९४७ ते १९७१ मध्ये तीन लाखांहून जास्त माणसं त्या छावणीतून गेली. आई ज्या वर्गाला जातात, तो त्याच योजनेचा आजचा वंशज.

हे सगळं किती शब्दांत बसतं बघा: "द ऑफिसर रेड फिफ्टी वर्ड्स. द मॅन हॅड टु राइट देम डाउन. बट द ऑफिसर चोज द लँग्वेज." यातला एकही शब्द आईंना अडणार नाही.

---

अमृततुल्य, पुणे

बूमरँग, माहिती भारी आहे, पण एक शंका. नव्या देशात आलेल्या माणसाला पहिल्याच पुस्तकात "तुम्हाला इथे नको म्हणत होते" हे कशाला वाचायला द्यायचं? आधी देश आवडू द्या. कोआला काय वाईट आहे? आपण पाहुण्याला घर दाखवताना अडगळीच्या खोलीपासून सुरुवात करतो का?

---

खडूफळा, अ‍ॅडलेड

अमृततुल्य, पाहुण्याला नाही दाखवत. पण सुनेला दाखवतोच की. धागाकर्तीच्या आईंनी तोच फरक सांगितला.

वर्गातला अनुभव सांगते. "आदिवासी मुलांना आईबापांपासून सरकारने काढून नेलं" हा विषय मी बरीच वर्षं टाळत होते, याच विचाराने. पण १३ फेब्रुवारीला शाळांतून आणि टीव्हीवरून २००८ च्या त्या माफीची आठवण निघते. पंतप्रधान केव्हिन रड यांनी संसदेत उभं राहून आदिवासींची माफी मागितली, तो दिवस. माझ्या विद्यार्थिनी विचारतात, सॉरी कशाबद्दल? त्यांना सांगायला आणि वाचायला काहीतरी हवंच. हजार शब्दांच्या आत ते लिहिता येतं. "दे टुक द चिल्ड्रन. मेनी नेव्हर सॉ देअर मदर्स अगेन." हे समजायला शब्दसंग्रह लागत नाही. देश सोडून आलेल्या बायकांना तर नाहीच नाही.

---

अमृततुल्य, पुणे

सुनेचा मुद्दा मान्य. तरी कोआलाला अगदीच हद्दपार करू नका.

---

पिवळीपिशवी, सिडनी

कोआला राहू दे, पण मग त्याच्याबरोबर ससेही घ्या. व्हिक्टोरियात एका जमीनदाराने १८५९ मध्ये शिकारीसाठी इंग्लंडहून थोडे ससे आणून सोडले आणि त्यांनी अर्धा खंड खाऊन टाकला. उसातले किडे मारायला १९३५ मध्ये आणलेल्या बेडकांनीही तसंच. डिंगो कुत्र्यांपासून मेंढ्या वाचवायला जवळपास ५,६०० किलोमीटर लांबीचं कुंपण आहे. प्राणी, विनोद आणि देशाचा स्वभाव, तिन्ही एकाच प्रकरणात. शेतकरी घरातल्या माणसाला हे कोआलापेक्षा जास्त आवडेल, माझी पैज.

आईंच्या कॅनबेराच्या प्रश्नाचं उत्तर देऊन टाकते. सिडनी आणि मेलबर्न एकमेकांना राजधानी होऊ देईनात. मग घटनेतच लिहिलं की राजधानी न्यू साउथ वेल्समध्ये असेल, पण सिडनीपासून निदान शंभर मैल लांब, आणि ती होईपर्यंत संसद मेलबर्नला बसेल. ती १९२७ पर्यंत तिथेच बसली. कॅनबेराचा आराखडा शिकागोच्या ग्रिफिन नवरा-बायकोचा, वॉल्टर आणि मेरियन.

---

उंटावरूनशेळ्या, डार्विन

माझ्या आयडीला जागून एक मुद्दा. वाळवंटात रेल्वे, तारेचे खांब, पाणी, पीठ हे सगळं पोचवलं उंटांनी. १८६० मध्ये एका मोहिमेसाठी कराचीहून उंट आले, पुढे हजारो आले. हाकणारे बलुच, पठाण, पंजाबी, सिंधी होते, पण इथे सगळ्यांना सरसकट "अफगाण" म्हणत. आजही अ‍ॅडलेड ते डार्विन धावणाऱ्या गाडीचं नाव "द घॅन" आहे. वर्गातल्या अफगाण बाईंना आणि आईंना मिळून वाचायला हे प्रकरण द्या. मग वर्गात बघा कसं बोलणं सुरू होतं.

---

रविवारदुपार, नाशिक

थोडा वेगळा प्रश्न. माझी बायको ४१ ची, मराठी माध्यम, परदेशी जायचं नाहीये, पण मुलांच्या शाळेतल्या इंग्रजीपुढे दबते. तिला ही पुस्तकं चालतील का? की ऑस्ट्रेलियाबद्दल वाचून तिचा काय फायदा?

---

खडूफळा, अ‍ॅडलेड

रविवारदुपार, चालतील, पण सुरुवात ओळखीच्या देशापासून करा. भारतावर सोप्या इंग्रजीतली पुस्तकं मिळतात. गंगा, मान्सून, रेल्वे, निवडणुका हे तिला आधीच माहीत आहे. म्हणजे वाचताना फक्त भाषा नवी, माहिती नवी नाही. एका वेळी एकच ओझं. दोन-तीन पुस्तकांनंतर अनोळखी देशाकडे जा. पायरी मात्र एकच ठेवा. विषय आणि पायरी दोन्ही एकदम वाढवलं की लोक सोडून देतात.

आणि ऐकायचं असेल तर "व्हॉइस ऑफ अमेरिका"ने १९५९ पासून सावकाश, साधारण १,५०० शब्दांतल्या इंग्रजीत बातम्या वाचल्या. त्यांचे जुने उतारे आवाजासकट नेटवर सापडतात. बातम्या शिळ्या असतील, पण देश, इतिहास, शेती यांवरचे तुकडे चांगले आहेत. हे मोठ्या माणसांसाठीच केलेलं होतं.

---

दीर्घवेलांटी, कोल्हापूर

रविवारदुपार, एक आगाऊ सल्ला. वाचून झाल्यावर "काय कळलं सांग बरं" असं नवऱ्याने विचारायचं नाही. साक्षरता वर्गातल्या बायका यानेच यायच्या थांबायच्या.

---

रविवारदुपार, नाशिक

बायको शेजारी बसून वाचतेय. तुम्हाला तिचा नमस्कार.

---

पिवळीपिशवी, सिडनी

लायब्ररीतून घेताना आवृत्तीचं वर्ष बघा, हे राहून गेलं. गोष्टीचं पुस्तक शिळं होत नाही, देशाचं होतं. आमच्या शेल्फवरच्या एकात अजून उलुरूवर लोक साखळी धरून चढतायत. तो खडक मूळ मालकांना, अनांगू लोकांना, २६ ऑक्टोबर १९८५ रोजी परत दिला, आणि बरोबर ३४ वर्षांनी त्याच तारखेला, २०१९ मध्ये, चढणं कायमचं बंद झालं. जुन्या पुस्तकात राणी राज्य करतेय, लोकसंख्या दोन कोटीच्या आत आहे. आता ती २ कोटी ७० लाखांच्या आसपास आहे. जुनं पुस्तक फेकू नका, पण शेजारी बसून पेन्सिलीने दुरुस्त करा. आमच्या सासूबाईंना पुस्तकातल्या चुका शोधायचा नाद लागला आणि त्यापायी त्या तीन-चार पुस्तकं वाचून बसल्या.

---

आकाशकंदील, होबार्ट

नवीन येणाऱ्यांसाठी माहिती. मोफत वर्ग कायम रहिवाशांना आणि काही ठरावीक तात्पुरत्या व्हिसांवर मिळतो. नातवंडं बघायला टूरिस्ट व्हिसावर आलेल्या आजी-आजोबांना नाही. पूर्वी ५१० तासांची मर्यादा होती, २०२१ मध्ये ती काढली. ज्यांना तो मिळत नाही त्यांनी लायब्ररीत विचारा, अनेक ठिकाणी इंग्रजी गप्पांचे गट असतात, व्हिसा कोणी विचारत नाही.

शिवाय नागरिकत्वाची सरकारी पुस्तिका विसरू नका. फुकट आहे, नेटवर आहे. परीक्षेत २० प्रश्न, ७५ टक्के हवेत, आणि त्यातले मूल्यांवरचे पाच सगळेच्या सगळे बरोबर यावे लागतात. मात्र वय ६० किंवा वर असेल तर परीक्षा द्यावी लागत नाही.

---

बूमरँग, ब्रिस्बेन

पुस्तिका वाचा, पण ती सोपी नाही. वाक्यं कचेरीतली आहेत. संसद, सिनेट, गव्हर्नर जनरल सगळे पहिल्या काही पानांत येऊन आदळतात. मतदान सक्तीचं आहे (केंद्रात १९२४ पासून), नाही केलं तर दंड होतो, ही गोष्ट आपल्या लोकांना भयंकर रंजक वाटते. पण पुस्तिकेत ती इतकी कोरडी येते की डोळ्यांखालून निघून जाते.

---

कृष्णाकाठ, मेलबर्न

सगळ्यांचे आभार. काय झालं ते सांगते.

परीक्षा द्यायची नाही हे कळल्यावर आई जरा नाराज झाली. तिला पंचायत समितीच्या खात्यांतर्गत परीक्षांची सवय. पुस्तिका आणलीच आहे, रोज एक पान, त्यावर तिच्या जुन्या सवयीने समासात टिपणं.

१,००० च्या पायरीवरचं दुसरं पुस्तक मिळालं, त्यात उडत्या डॉक्टरांवर पूर्ण प्रकरण आहे. जॉन फ्लिन या पाद्र्याने १९२८ मध्ये क्लॉनकरीहून विमानाने डॉक्टर पाठवायला सुरुवात केली, तिथपासून. आणि रेडिओवरच्या शाळेचं, ॲलिस स्प्रिंग्सहून १९५१ मध्ये सुरू झालेल्या. हे तिला फार आवडलं. "आमच्या वाड्या-वस्त्यांवर शिक्षक जाईनात, इथे शिक्षक वायरलेसवर," असं म्हणत दोनदा वाचलं. एडी माबोचं एक पान आहे. टॉरेस सामुद्रधुनीतल्या बेटावरचा हा मूळ रहिवासी आपल्या लोकांच्या जमिनीसाठी कोर्टात दहा वर्षं लढला आणि १९९२ च्या जूनमध्ये निकाल बाजूने लागायच्या काही महिने आधी वारला. ते वाचून ती म्हणाली, हा तर आपल्याकडच्या दिवाणी दाव्यासारखाच निघाला.

श्रुतलेखनाची गोष्ट बूमरँग यांच्या वाक्यांनीच मी तिला लिहून दिली. ती तिने वर्गात वाचून दाखवली. बाईंनाच ती नीट माहीत नव्हती! आता त्यांनी प्रत्येकीला आपापल्या गावावर एक पान लिहून आणायला सांगितलंय. अट अशी की वर्गातल्या बाकीच्यांना डिक्शनरी न उघडता कळलं पाहिजे. आईने सांगलीचा हळदीचा बाजार घेतलाय. हरिपूरला जमिनीत खोल पेवं खणून त्यांत हळद साठवायचे, आणि २००५ च्या पुरात त्यांत पाणी शिरलं, असं लिहितेय. पेवाचं चित्र काढलंय. कालपासून तिसऱ्यांदा वाक्यं तोडतेय, कारण इथिओपियन मैत्रिणीला वाचून दाखवलं तर ती दोन ठिकाणी अडखळली.

---

दीर्घवेलांटी, कोल्हापूर

तिथे पेन्सिलीने खूण केली ना? शाबास. त्यांना सांगा, पेवाचं तोंड कसं बंद करायचे आणि माणूस आत उतरण्याआधी हवा का जाऊ द्यायचे, ते नक्की लिहा. हळदीचा भाव काय होता ते एक वेळ गाळलं तरी चालेल.

---

अमृततुल्य, पुणे

भाव गाळू नका! सांगलीची हळद आणि भाव नाही? लिहून झालं की पान इथे टाका, आम्हीही डिक्शनरी न उघडता वाचून बघतो.